निरोप पोचला

"तू बाबांना हो म्हणालास?" ताईने फोनवर विचारलं, आणि तो म्हणाला, "हो."

म्हणून मोकळा झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण कशाला हो म्हणालो ते आपल्याला माहीत नाही. ऑफिसातल्या कॉफीच्या यंत्रापुढे तो उभा होता. यंत्राने पेल्यात अर्धंच दूध सोडलं होतं आणि आता लाल दिवा लावून ते स्वस्थ बसलं होतं. मागे रांगेत उभ्या असलेल्या कुणीतरी घसा साफ केला. तो पेला घेऊन बाजूला झाला. "वाटलंच मला," ताई म्हणत होती. "इतक्या थंडपणे दुसरं कोण म्हणणार! अरे, एकच डोळा आहे त्यांना. तो गेला म्हणजे काय, हातात काठी देणार आहेस?" "कसला डोळा?" त्याने विचारलं. ताई शाळेत शिकवते, मधल्या सुट्टीत फोन करते आणि सुट्टी संपायच्या घाईने बोलते. तिच्या मागे मुलांचा गलका चालला होता. ती एकदम थांबली. मग फळ्यावरचं समजावून सांगावं तशी हळू बोलायला लागली. बाबांच्या उजव्या डोळ्यातला पडदा सुटलाय. डॉक्टरांनी ताबडतोब ऑपरेशन सांगितलं होतं. दोन दिवसांपूर्वी व्हायचं होतं, ते बाबांनी रद्द करून टाकलं. "आणि मला आज सकाळी सांगतात, तेही बोलता बोलता, गळका नळ दुरुस्त केला म्हणून सांगावं तसं. म्हटलं, कुणाला विचारून? तर म्हणाले, तुला विचारलं होतं आणि तू हो म्हणालास." "मला नाही विचारलं," तो म्हणाला. "आत्ता तर हो म्हणालास!" "ते मी असंच म्हणालो." "असंच," ताई म्हणाली. पलीकडे घंटा झाली. "हे बघ, तू जा तिथे. आजच जा. मी सुट्टी टाकून निघते, पण मला पोचायला उद्याची संध्याकाळ होईल." आणि गलका वाढला आणि फोन बंद झाला.

त्याला भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही. आता भीती वाटायला हवी, एवढं मात्र स्पष्ट कळलं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपण गालाला बोट लावून बघतो. बोटाला गाल कळतो, गालाला बोट कळत नाही. तसं त्याचं बरेच दिवस चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा फारसा त्रासही नव्हता. त्रास इतरांना होता. बायको म्हणायची, "तुझ्याशी बोलणं म्हणजे बंद पडलेल्या लिफ्टचं बटण दाबणं. दिवा लागतो छान. लिफ्ट काही येत नाही." ती हे चिडून म्हणत नसे, भाजी निवडता निवडता, सहज म्हणायची, आणि तो म्हणायचा, "हो." ऑफिसात मात्र हाच त्याचा गुण ठरला होता. मॅनेजर त्याला सगळ्यांदेखत होयबा म्हणायचा, पाठीवर थाप मारून, आणि अवघड गिऱ्हाइकांची कामं त्याच्याच गळ्यात टाकायचा. शिव्या खाऊनही हा माणूस शांत राहतो, याचं सगळ्यांना फार कौतुक होतं. त्यात शांत राहण्यासारखं काही नव्हतं. आत कुणी उठतच नसे. त्याने दुधाचा पेला मोरीत ओतला, पेला कचऱ्यात टाकला आणि तो आपल्या टेबलाशी आला.

त्याच्या कंपनीचं काम म्हणजे फोनवर बोलणारा आवाज बनवायचा. माणूस फोन लावतो, पलीकडून बाईचा आवाज येतो, पण बाई नसते. बोलण्यात ती कुणाला हार जाणार नाही. मात्र नुसतं बोलून जगात काडी हलत नाही. गाडी मागवायची तर गाडीवाल्यांच्या यंत्रणेचं दार ठोठावावं लागतं, औषध मागवायचं तर दुकानाच्या. ही दारं ठोठावणारे हात बाईला जोडून द्यायचे, हे त्याचं काम. त्या हातांना टूल म्हणतात. प्रत्येक टूलला नाव द्यायचं, ते कधी वापरावं आणि कधी वापरू नये हे साध्या भाषेत लिहायचं, बाहेरून काय उत्तर येईल ते सांगून ठेवायचं. मग कुणी म्हणालं की सकाळी दवाखान्यात जायचंय, तर बाई आपली आपण ओळखते की इथे गाडीचं टूल लागणार, वेळ विचारून घेते, टूलला हाक मारते, उत्तर आलं की म्हणते, झालं, गाडी येईल. आता कधी कधी बाहेरचं दार अजून बांधूनच झालेलं नसतं. तेव्हा त्या जागी डमी बसवतात. डमी कुठेही जात नाही. हाक आली की आधीच लिहून ठेवलेलं उत्तर ती तोंडावर फेकते. बाईला यातला फरक कळायचं कारण नाही; उत्तर आलं म्हणजे काम झालं, एवढंच तिला ठाऊक. ही सगळी चाचणीपुरती सोय. काम लोकांपुढे न्यायच्या आधी डमी काढून टाकायच्या असतात, आणि त्या काढल्यात की नाही हे बघण्यात त्याचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं.

पण बाबांच्या फोनवर बसवलेली बाई लोकांपुढे जायचीच नव्हती. मॅनेजर म्हणाला होता, आधी घरच्या माणसांवर करून बघा, घरची माणसं खरं बोलतात. तेव्हा एका रविवारी त्याने जाऊन ती बाबांना बसवून दिली होती. आता त्याने तो भाग उघडला. औषधाचं टूल खऱ्या दुकानाशी जोडलेलं. गाडीचं खऱ्या गाड्यांशी. डोळ्यांच्या दवाखान्यातली वेळ ठरवणं, बदलणं, रद्द करणं, सगळं खरं. दवाखान्याच्या लोकांशी पत्रव्यवहार करून त्याने स्वतः जोडून घेतलेलं. नळ-विजेची दुरुस्ती खरी. शेवटचं टूल होतं, मुलाला निरोप देणे. त्याच्यावर त्याच्याच हातची ओळ होती: तात्पुरतं, नंतर बदलणे. आणि खाली उत्तर: निरोप पोचला. मुलगा म्हणाला, हो बाबा. तुम्ही म्हणाल तसं.

तो ते वाचत बसला. वाचायला काही फार नव्हतं. आणखी वर एक सूचना होती, तीही त्याचीच. पहिल्या चाचणीत बाईने त्या उत्तरात पदरची साखर घातली होती, अगदी प्रेमाने म्हणाले, काळजी घ्या म्हणाले, असलं काहीतरी. म्हणून त्याने बजावून लिहिलं होतं, की उत्तर जसंच्या तसं सांगावं, आपलं काही घालू नये. तेव्हा त्याला हे फार प्रामाणिकपणाचं वाटलं होतं. शेजारच्या टेबलावर टेस्टिंगचं काम करणारी मुलगी बसायची. तो वळून तिला म्हणाला, "डमीला आलेल्या हाका आपण कुठे साठवतो का गं?" "डमीच्या? छे," ती म्हणाली. "तुम्हीच नको म्हणालात. उगाच कचरा साठतो म्हणालात." "हो," तो म्हणाला. म्हणजे बाबांनी काय काय निरोप दिले, ते आता बाबांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. ती मुलगी खुर्ची मागे सरकवून त्याच्याकडे बघत होती. "कुणाचं काही अडलंय का?" "वडिलांचं," तो म्हणाला. "मग इथे काय करताय?" तिने विचारलं. हा प्रश्न त्याला पटला. त्याने संगणक बंद केला, पुन्हा चालू केला, डमीच्या जागी आपला फोननंबर जोडला, चालतंय का बघितलं, आणि मग पुन्हा बंद करून उठला.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. दुकानांच्या पाट्या मागे जात होत्या, आणि नेहमीप्रमाणे त्याची नजर आपोआप अक्षरांच्या तळाच्या रेषेवर गेली. ही सवय बाबांची. बाबांनी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात काढला. तरुणपणीच रंग उतरवायच्या औषधाचा शिंतोडा उडून डावा डोळा गेला, आणि तेव्हापासून ते सगळं जग उजव्या डोळ्याने, मान किंचित तिरपी करून बघायचे. एका डोळ्याने अंतर कळत नाही म्हणतात. बाबांची रेषा मात्र दोन डोळेवाल्यांना लाजवील अशी यायची. लहानपणी तो शिडी धरून खाली उभा राहायचा आणि वरून बाबा विचारायचे, "सरळ आहे का रे?" आणि तो म्हणायचा, "हो." वाकडी असती तर आपण नाही म्हणालो असतो का, हे आता सांगता येणार नाही, कारण ती कधी वाकडी नसायची. त्या रविवारी बाई बसवून दिल्यावर बाबांनी फोन कानाला लावून तिच्याशी थोडं बोलून बघितलं होतं. "फार गोड बोलते," ते म्हणाले, "जरा कमी कर." त्याने कमी केलं. "आणि तुला काही सांगायचं झालं तर?" "हिलाच सांगा, ती मला कळवेल. मग मी उत्तर दिलं की ती तुम्हाला सांगेल." "म्हणजे तुला फोन नाही करायचा," बाबा म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. "करा की. पण मी कामात असलो तर हे बरं." "बरोबर आहे," बाबा म्हणाले, "कामात असलास तर." आणि त्यानंतरच्या रविवारी काम आलं, आणि त्याच्या पुढच्याही. मधे एकदा त्याने फोन केला होता. घाईतच. बाबा म्हणाले होते, "तू सांगितलंस तसंच केलं." आणि तो म्हणाला होता, "बरं." काय सांगितलं, काय केलं, त्याने विचारलं नाही. बसमध्ये हे आठवल्यावरही त्याच्या आत काही हललं नाही. फक्त तळहाताखालचा खिडकीचा गज थंड लागला, आणि थंड लागतोय हे जरा उशिरा कळलं.

ते उत्तर त्याने मनाने रचलेलं नव्हतं. चाचणीला खरी उदाहरणं घ्यावीत असा त्याचाच नियम होता. म्हणून त्याने आपल्या फोनमधले बाबांबरोबरचे जुने संदेश उघडले होते, आणि वर वर जात सगळीकडे तेच सापडलं होतं. या रविवारी नाही आलास तरी चालेल. हो बाबा, तुम्ही म्हणाल तसं. आईचं कपाट ताई घेऊन जातेय. हो बाबा, तुम्ही म्हणाल तसं. शोधायला लागलंच नाही. हे वाक्य त्याच्या तोंडात पहिल्यांदा कधी बसलं, तेही त्याला माहीत होतं. आई आजारी होती तेव्हा तो दुसऱ्या शहरात एका मोठ्या गिऱ्हाइकाची यंत्रणा चालू करून द्यायला गेला होता. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. बाबा म्हणायचे, बरी आहे, तू काम उरकून ये. त्याने काम उरकलं. मन लावून उरकलं. आला तेव्हा पलंगावर धुतलेली चादर घातलेली होती, खिडक्या उघड्या टाकलेल्या होत्या, आणि बाबा आईचा चष्मा रुमालाने पुसत बसले होते. ताई स्वयंपाकघरात होती. तिला आठवडाभर आधीच बोलावून घेतलं होतं. "तिला सुट्टी होती," बाबा म्हणाले. "तू कामात होतास. म्हटलं, कशाला उगाच. आता झालं ते झालं, त्यावर बोलायचं नाही." आणि तो म्हणाला, "हो बाबा. तुम्ही म्हणाल तसं." त्या वेळी त्याला दुसरं काहीतरी म्हणायचं होतं. काय म्हणायचं होतं ते त्याने नंतर बऱ्याचदा आठवून बघितलं. तो रडला नाही, कुणी त्याला रड म्हणालंही नाही. बायकोने त्या दिवशी त्याचा हात धरून ठेवला होता आणि थोड्या वेळाने सोडला होता. पुढच्याच आठवड्यात तो कामावर गेला. मॅनेजरने तेव्हाच पहिल्यांदा त्याचं कौतुक केलं होतं.

बाबांचं दार नुसतंच लोटलेलं होतं. "कोण?" आतून आवाज आला. "मी." "तू? आज?" बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. मान नेहमीपेक्षा जास्त तिरपी होती, जवळजवळ खांद्याला टेकलेली, पाखरू बघतं तशी. घराला टर्पेंटाइनचा वास होता, तो नेहमीचाच. "निरोप न देता आलास," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. "चहा टाक. माझ्याने हल्ली कपाबाहेर जातो." ओट्यावर चहाची वाळलेली वर्तुळं होती, एकमेकांत गुंतलेली. तो चहा करायला लागला. भिंतीला एक लहान पाटी टेकवून ठेवली होती, खालच्या मजल्यावरच्या शिंप्यासाठी रंगवायला घेतलेली. पहिली अक्षरं बाबांची होती, ठाम, एका रेषेत. शेवटची दोन खाली उतरली होती. पायरी चुकलेल्या माणसासारखी. शिंपी बाबांना तसं म्हणाला असेल का, असा विचार त्याच्या मनात आला, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं.

"ऑपरेशन का रद्द केलंत बाबा?" कप त्यांच्या हातात नीट धरवून त्याने विचारलं.

"ताईने सांगितलं वाटतं. तुला विचारलं होतं की."

"मला ते पोचलंच नाही."

"पोचलं. बाई म्हणाली, पोचलं."

"ती बाई काही माझ्यापर्यंत येत नव्हती. ते उत्तर आधीच लिहून ठेवलेलं होतं. तुम्ही काहीही विचारलंत तरी तेच येणार."

बाबांनी यावर विचार केला. "कुणी लिहून ठेवलेलं?"

"मी."

"मग तूच दिलंस की," बाबा म्हणाले.

त्याने पुन्हा समजावून सांगितलं, डमी म्हणजे काय, टूल म्हणजे काय, गिऱ्हाइकांना सांगतो त्याच शांत आवाजात. बाबांनी चहाचा घोट घेत ते ऐकून घेतलं. पाटी रंगवायच्या आधी मोकळ्या फळीवर खडूने खोटी अक्षरं काढून बघतात, तसंच ना, त्यांनी विचारलं, आणि ती पुसायची राहिली, होय ना? तो म्हणाला, तसंच. "मग काय झालं त्यात," बाबा म्हणाले, "राहतं कधी कधी." ते त्याचीच समजूत घालत होते. आधी डोळ्यापुढे काळे ठिपके यायला लागले तेव्हा त्यांनी बाईला ते सांगितलं होतं, आणि उत्तर आलं होतं, हो बाबा, तुम्ही म्हणाल तसं. मग डाव्या बाजूने सावली सरकायला लागली, तेही कळवलं होतं, तेव्हाही तेच. "तुम्हाला विचित्र नाही वाटलं?" "का वाटावं? तू असंच बोलतोस," बाबा म्हणाले. "उलट हल्ली लगेच उत्तर देतोस, म्हणून शिंप्याला सांगितलंसुद्धा मी." मग गाडी मागवून ते एकटेच दवाखान्यात गेले होते. डॉक्टर म्हणाले, थांबायचं नाही. ऑपरेशन ठरलं, आणि मग त्यांनी विचारलं होतं, नको म्हणून सांगू का? हो आलं, तेव्हा त्याच बाईला सांगून रद्द करून टाकलं. दवाखान्यातून खरीखुरी बाई फोन करून दोनदा विचारत होती, खात्री आहे ना? ते म्हणाले, मुलाशी बोलून ठरवलंय.

"पण नको का म्हणायचं होतं तुम्हाला? एवढा एकच डोळा आहे."

"त्या डोळ्यात वायू भरतात. मग आठवडाभर पालथं पडून राहायचं, तोंड जमिनीकडे. जेवायला, आंघोळीला, सगळ्याला माणूस लागतो. ताईची शाळा आहे. आणि तुला कसं सांगायचं?"

"विचारायचं तरी."

"विचारलं होतं," बाबा म्हणाले. "हे नाही, दुसरं. ऑपरेशन ठरलं त्या रात्री." त्यांनी कप खाली ठेवायला हात पुढे केला, टेबल जिथे नव्हतं तिथे. त्याने तो घेतला. "विचारलं, की तू माझ्यावर रागावलायस का."

त्याला उत्तर माहीत होतं. जगात कुणालाही नसेल इतकं ते नेमकं, शब्दाशब्दाने त्याला माहीत होतं. तरी तो म्हणाला, "मग?"

"मग काय, बाई म्हणाली, निरोप पोचला. मुलगा म्हणाला, हो बाबा." बाबा थोडं हसले. "पुढचंही म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं वगैरे. पण ते मी धरलं नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं. तुझी आई गेल्यापासून मी वाट बघत होतो, हा कधीतरी तोंड उघडेल. म्हटलं, समोर नाही, त्या यंत्रातून का होईना, बोलला एकदाचा. पण मग रागावलेल्या पोराला उशाशी बसवून आठवडाभर सेवा करून घ्यायची, हे काही माझ्याने होणार नाही. म्हणून म्हटलं, नको. जेवढं दिसलं तेवढं दिसलं."

आता सांगायचं ते अगदी सोपं होतं. ते मी म्हणालो नव्हतो बाबा, मी मुळीच रागावलेलो नाही. वाक्य तयार होतं, तोंडाशी आलेलं होतं. असली वाक्यं लिहिण्यावरच त्याचं पोट चालत होतं. ते बोललं की बाबांचा जीव भांड्यात पडला असता आणि पुढची कामं सुरळीत झाली असती. त्याने तोंड उघडलं आणि ते वाक्य बाहेर येईना. कानामागे काहीतरी तापायला लागलं होतं. आधी त्याला वाटलं आपल्याला ताप भरतोय. बोटांना मुंग्या आल्या, सुई उतरायला लागल्यावर गाल ठणकतो तसं छातीत कुठेतरी ठणकायला लागलं, आणि त्याला कळलं, की त्या डमीने दिलेल्या सगळ्या उत्तरांत तेवढं एकच उत्तर खरं होतं.

"हो," तो म्हणाला. आवाज चिरका आला. "रागावलोय. ताईला बोलावलंत आणि मला नाही. मी आईला शेवटचं बघितलं नाही बाबा. तुम्ही रोज मला बरी आहे, बरी आहे म्हणून सांगत होतात आणि मी तिकडे तारा जोडत बसलो होतो. आणि आता डोळ्याचंही तेच. आंधळे झाला असतात आणि मग सांगितलं असतंत, तू कामात होतास म्हणून!"

"पण तू कामात—"

"गेलं खड्ड्यात काम!" तो ओरडला. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं, ते थांबलं. बाबा खुर्चीत मागे सरले, त्यांनी मान फिरवली, पण चुकीच्या बाजूला, आणि तो समोर असूनही त्यांचा हात हवेत त्याला शोधायला लागला. त्याने तो हात धरला नाही. धरवलाच नाही त्याला. तो उठला, खिशातून फोन काढला आणि दवाखान्याचा नंबर लावला. बाईला सांगितलं असतं तर तिने लगेच वेळ बघितली असती, पण त्याला माणसाशी बोलायचं होतं. पलीकडे बराच वेळ वाजत राहिलं. उचललं ते एका दमलेल्या नर्सने. त्याने सांगितलं, सांगताना वाक्यं पुढेमागे झाली, पडदा, रद्द, चूक, एकच डोळा. नर्स म्हणाली, त्यांची जागा दुसऱ्या पेशंटला गेली. मग कागद चाळल्याचा आवाज आला, कुणाशी तरी ती बोलली, आणि म्हणाली, सकाळी उपाशीपोटी घेऊन या, डॉक्टर मधे घेतो म्हणतायत. "पण आधी झालं असतं तर बरं होतं. सावली मधोमध आलीय का?" त्याने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, अजून नाही, पण काठाशी आहे. त्याने तसंच सांगितलं. "मग बघू," नर्स म्हणाली. "किती दिसेल ते आत्ता कुणीच सांगणार नाही. आणि त्यांना तोंड खाली करून झोपायची सवय करायला सांगा. सोबत कोण राहणार?"

"मी."

"तुम्ही कोण?"

"मुलगा," तो म्हणाला. फोन ठेवून त्याने बायकोला फोन केला आणि आठवडाभर इकडेच राहतोय म्हणून सांगितलं. बायको म्हणाली, "रडतोयस का?" तो म्हणाला, माहीत नाही. ती म्हणाली, कपडे घेऊन येते.

मग त्याने स्टूल ओढलं आणि बाबांच्या डाव्या हाताला बसला. खाली शिंप्याचं मशीन पुन्हा सुरू झालं. बाबा म्हणाले, "मला वाटायचं, तुला सांगितलं असतं तर तू धावत आला असतास, आणि काम अर्धवट टाकलं म्हणून लोकांनी तुला बोल लावला असता. एवढंच डोक्यात होतं." तो ऐकत होता. त्याने त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. राग तसाच होता. बाबा म्हातारे झाले होते, त्यांच्या कानाच्या पाळीला पांढरा रंग वाळून बसला होता, आणि तरीही राग होता, आणि हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं याची त्याला सवय नव्हती.

"त्या बाजूला नको बसू," बाबा म्हणाले. "तिथे मला तू अर्धाच दिसतोस."

तो उठून उजवीकडे, खिडकीच्या उजेडात जाऊन बसला. बाबांनी मान तिरपी केली, थोडी अजून केली, आणि शिडीवरून रेषा तपासावी तसं त्याचं तोंड इकडून तिकडे नीट बघितलं.

"रागावलेला दिसतोस खरा," ते म्हणाले.

"आहेच," तो म्हणाला.

बाबा बघत राहिले, आणि त्याने चेहरा वळवला नाही.